नमाजाच्या वेळचं पिस्तूल

पिस्तूल कमरेला बाहेरून दिसेल असं लावायचं की कपड्यांच्या आत लपवायचं, या एका प्रश्नापायी मी आखातातल्या दम्माममध्ये दोन वर्षं डोकेफोड केली. पिस्तूल माझं नव्हतं. मला ते लावायचं नव्हतं, लावायची परवानगीही नव्हती. तरी त्याच्यावर लिहिलेल्या टिपणांची फाइल माझ्याच टेबलावर होती आणि ती दर महिन्याला जाड होत होती.

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून मी सुभेदार म्हणून साताऱ्याला परत आलो. त्यातली निम्मी वर्षं तरी रंगरूटांना हत्यार शिकवण्यात गेली. घरी बसून काय करायचं हा प्रश्न सहा महिन्यांतच उभा राहिला, आणि बायकोच्या स्वयंपाकघरात मी जास्तच लक्ष घालायला लागलो तेव्हा तिनंच ओळखीच्या माणसाला फोन लावला. त्यानं दम्मामच्या एका सोन्याच्या व्यापाऱ्याकडे काम लावून दिलं. कारखान्यातून निघालेले दागिने दुकानांपर्यंत नीट पोचवायचे. मला वाटलं, वा, आपल्या जोगं काम. इथं आल्यावर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात पडला. त्यावर माझा पेशा लिहिला होता, माल चढवणारा-उतरवणारा कामगार. तेव्हा तेवढाच व्हिसा शिल्लक होता म्हणे. म्हणजे ऑफिसात मी सिक्युरिटीचा माणूस आणि सरकारदरबारी हमाल.

गाडीत आम्ही तिघं. ड्रायव्हर रायगडचा, श्रीवर्धनकडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला चाचा म्हणायचो. दुसरा म्हणजे पहारेकरी. तो इथलाच, अल-अहसाचा, मालकाच्या गावचा. वय पंचेचाळिशीचं, पोट सुटलेलं, स्वभावानं इतका गोड की आपण भांडायला तोंड उघडलं तर हा खजुराचा डबा पुढे करायचा. हत्याराचा परवाना त्याच्या नावावर होता, त्यामुळे पिस्तूल त्याचं. तिसरा मी, मागच्या सीटवर, दागिन्यांच्या पेटीला टेकून. हत्याराची खडान्‌खडा माहिती असलेला आणि हत्याराला बोट लावायची बंदी असलेला. परदेशी माणसाच्या हातात हत्यार दिसलं तर आधी तुरुंग आणि मग घरचं विमान, हे मला पहिल्याच दिवशी मुदीरनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, खुर्चीवर बसायच्या आधी सांगितलं होतं. लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. घरच्या विमानाची मला घाई नव्हती.

मुदीर शिकलेला, कपड्यांना इस्त्री कडक, आणि एकदा ठरवलेलं बदलायला दोन दिवस पुरेसे असलेला माणूस. आधी त्यानं ठरवलं, पिस्तूल बाहेर दिसलं पाहिजे. चोरानं लांबूनच बघावं आणि वाट बदलावी. मी म्हटलं, साहेब, चोर एकटा-दुकटा भुरटा असेल तर बदलेल. तयारीनं आलेला असेल तर पहिलं कुणाला आडवं करायचं हे आपणच त्याला दाखवतोय. मुदीर म्हणाला, लिहून द्या. मी लिहून दिलं. पिस्तूल बाहेरच राहिलं.

मग एका मॉलनं हरकत घेतली. बायका-मुलं येतात, कमरेला हत्यार लावून माणूस आत चालणार नाही. मुदीरनं फर्मान काढलं, आत घ्या. पहारेकऱ्यानं पायघोळ थोब घालून आत कमरेला पट्टा बांधला. दिसायला छान, काही कळत नव्हतं. मी विचारलं, वेळ आली तर काढणार कसं? तर त्यानं ऑफिसातच करून दाखवलं. दोन्ही हातांनी थोब गुडघ्यापासून वर ओढत आणायचा, तो हनुवटीखाली धरायचा, आणि मग पट्टा चाचपायचा. तेवढ्यात चोर पेटी नेऊन वर चहा पिऊन गेला असता. चाचा हसून हसून भिंतीला टेकला. मी मात्र हसलो नाही, माझं डोकं तापलं होतं. पुन्हा टिपण. मग थोब गेला, पँट-शर्ट आला आणि शर्टावर जाकीट. दम्मामच्या जुलैमध्ये जाकीट! त्या बिचाऱ्याच्या घामानं पट्ट्याचं चामडं पांढरं पडलं. मग जाकीट गेलं, पिस्तूल पुन्हा बाहेर आलं. मॉलसाठी वेगळा नियम, रस्त्यासाठी वेगळा. नियमांचा तक्ता मीच केला. इंग्रजीत लिहायचा, मग ऑफिसातला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कारकून त्याचं अरबी करायचा, मग मुदीर त्यात दुरुस्त्या करायचा आणि मला परत इंग्रजीत उतरवायला लावायचा.

बायकोनं एकदा फोनवर विचारलं, “अहो, तुम्ही तिथं नक्की करता तरी काय?”

“एका माणसाच्या कमरपट्ट्याचं बघतो,” मी म्हणालो.

“दोन वर्षं?”

काय सांगणार. चाचाही गाडी चालवता चालवता म्हणायचा, “सुभेदारसाब, काय ते एकदा ठरवून टाका ना. त्या माणसाला कमरेला लावायचंय, तुमचं डोकं कशाला तापतंय?”

तापायचं कारण होतं. बाहेर ठेवा की आत ठेवा, नमाजाच्या वेळेला ते पिस्तूल कमरेवरून निघायचंच. बाहेर दिसत होतं तेव्हा एका मशिदीच्या दारात एका म्हाताऱ्यानं आमच्या पहारेकऱ्याला चारचौघांत झापलं, अल्लाच्या घरात हे कशाला. तो शरमेनं लाल झाला. आत लपवलं तेव्हा सजद्यासाठी वाकला आणि ते पोटात रुतलं, आणि एकदा तर पट्ट्यातून घसरून थेट चटईवर पडलं. त्यानंतर त्यानं ठरवून टाकलं, नमाजाला जाताना पिस्तूल गाडीत. चाचाही नमाजी. दोघं उतरून जायचे. तिघांत नमाज न पढणारा मी एकटा, मराठ्याच्या पोटी जन्मलेला. मग गाडीत पेटी, पिस्तूल आणि मी.

पहिल्यांदा त्यानं ते सरळ माझ्यापुढे धरलं, एखाद्याला चष्मा सांभाळायला द्यावा तसं. “दोन मिनिटं, सदीक.” सदीक म्हणजे दोस्त.

मी दोन्ही हात मागे घेतले. “ला, ला! मला नको.”

“बरं, नको धरूस.” त्यानं ते पुढच्या कप्प्यात टाकलं, कप्पा बंद केला आणि म्हणाला, “तू आहेस ना इथं.”

मी मुदीरकडे तक्रार केली. म्हटलं, बाहेर की आत हा वाद तुम्ही दोन वर्षं घालताय, पण दिवसातून दोन-तीनदा हे हत्यार ना बाहेर असतं ना आत, ते माझ्या राखणीत असतं आणि मला त्याची परवानगी नाही. मुदीरनं कागदावरून नजर न उचलता विचारलं, “तुम्ही हात लावता का?” नाही म्हटल्यावर म्हणाला, “मग झालं.” झालं म्हणे! मी उठून आलो आणि त्या दिवसापासून मनातल्या मनात ठरवलं की यापुढे मला काही देणंघेणं नाही. तक्ता करा म्हणाले तर तक्ता करायचा. बाकी त्याचं पिस्तूल, त्याचा परवाना, त्याचा देश. मी हमाल.

तो दिवस अल-अहसाच्या खेपेचा होता. दुपारची वेळ, रस्त्यावर उन्हाची लाट. वाटेतल्या पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा मशिदीतून अजान सुरू झाली होती. चाचानं गाडी एका कडेला सावलीत लावली, एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं. पुढच्या कप्प्याची कडी उन्हानं आठवड्यापूर्वीच तुटली होती, झाकण लोंबत होतं. पहारेकऱ्यानं इकडेतिकडे बघितलं, मागे वळून पिस्तूल माझ्या शेजारी सीटवर ठेवलं आणि त्यावर टिश्यू पेपरचा डबा ठेवला. “दोन मिनिटं,” म्हणाला, आणि दोघं गेले. डबा पिस्तुलावर कलता बसला होता. एका बाजूनं मूठ दिसत होती.

मी पुढच्या काचेतून बघत होतो. पोलिसांची गाडी पंपात शिरली. पलीकडच्या ट्रकवाल्यांचे इकामे बघायला लागली. एक ट्रक, दुसरा ट्रक, मग एक पिकअप. रोजचीच तपासणी. पुढचा नंबर आमचा, हे उघड होतं.

आता ठरवायचं होतं मला. डबा नीट सारून मूठ झाकली आणि त्यांनी डबा उचलला, तर सोन्याच्या पेटीशेजारी हत्यार लपवून बसलेला परदेशी. उघडं ठेवलं, तर सोन्याच्या पेटीशेजारी हत्यार घेऊन बसलेला परदेशी. दोन वर्षं मी दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे लिहीत होतो, आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. त्या टिपणांत कमर दुसऱ्याची होती. मला रडू यायचं बाकी होतं, इतका संताप आला. मुदीरचा, त्या दोघांच्या नमाजाचासुद्धा, आणि त्या टिश्यूच्या डब्याचा.

मी उघडं ठेवायचं ठरवलं. फौजेनं एवढं शिकवलं होतं की लपवलेलं सापडलं की माणसाचं कुणी ऐकत नाही. डबा बाजूला केला, पिस्तूल उचललं आणि पुढे वाकून डॅशबोर्डवर ठेवायला गेलो. आणि तिथं हातांनी माझं ऐकलं नाही. अठ्ठावीस वर्षांत मी एकही हत्यार भरलेलं की खाली हे न बघता कुणापुढे ठेवलं नव्हतं. नळी खिडकीखाली दरवाजाकडे, मॅगझीन बाहेर, स्लाइड मागे. डोळ्यांचं पातं लवायच्या आत झालं.

चेंबरमधली एक गोळी बाहेर उडून माझ्या मांडीवर पडली.

मी त्या गोळीकडे बघत राहिलो. पिस्तूल नुसतं मॅगझीन भरलेलं नव्हतं, एक गोळी चेंबरमध्ये चढवलेली होती. सेफ्टीचा खटकाही उघडा होता. फक्त घोडा दाबायचा अवकाश. त्या माणसाच्या पोटात रुतणारं, चटईवर पडलेलं, आता या सीटवर डब्याखाली माझ्या बरगड्यांपासून वीतभर अंतरावर पहुडलेलं ते हे होतं.  मी डॅशबोर्डवर तिन्ही वस्तू मांडल्या, स्लाइड मागे अडकवलेलं पिस्तूल, शेजारी मॅगझीन, शेजारी ती एक गोळी. मग काच खाली केली आणि दोन्ही पंजे पुढच्या सीटच्या पाठीवर उघडे ठेवले.

पोलीस तिशीतला होता. त्याच्या स्वतःच्या कमरेला पिस्तूल उघडं लटकत होतं. त्यानं आत बघितलं आणि त्याचा हात कमरेकडे गेला. “हादा हक मीन?” हे कुणाचं?

मी मशिदीकडे बोट दाखवलं. मोडक्या अरबीत सांगितलं की ज्याचं आहे तो नमाजाला गेलाय, परवाना त्याच्याकडे आहे. त्यानं इकामा मागितला. वाचला. पेशा वाचला तेव्हा त्याची भुवई वर गेली. डॅशबोर्डवरच्या तीन वस्तूंकडे त्यानं पुन्हा बघितलं. अशी मांडणी हमाल करत नाही, हे कुठल्याही हत्यारबंद माणसाला कळतं.

“तू अस्करी आहेस?” फौजी?

“होतो. हिंदुस्थानात. आता नाही.”

तेवढ्यात आमचा पहारेकरी धावत आला. चपला हातात, शर्टाची एक बाही वुजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, वर केलेली ती तशीच. परवाना काढून दिला. पोलिसानं तो बघितला आणि विचारलं, “हे कुणी खाली केलं?”

पहारेकऱ्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. “मीच. जाताना मीच करून ठेवलं. यानं हात लावला नाही.”

  पोलिसानं ती गोळी उचलून खिशात घातली आणि रिकामं पिस्तूल व मॅगझीन पहारेकऱ्याच्या हातात दिलं. “असं का? मग स्लाइड बंद कर आणि मॅगझीन लावून दाखव. नळी जमिनीकडे.”

तो तिथं उन्हात उभा राहिला आणि त्याला जमेना. मॅगझीन आधी उलटं धरलं. मग सुलटं केलं, लावलं, आणि स्लाइड सोडायची म्हणून भलताच खटका दाबला तर मॅगझीन निसटून पायावर पडलं. वाकून उचललं, पुन्हा प्रयत्न केला. कपाळावरून घाम दाढीत ओघळत होता. मी माझे तळवे मांड्यांखाली दाबून धरले. चाचा मागून येऊन उभा होता. असं कितीतरी वेळ चाललं. ज्याच्या कमरेवर मी दोन वर्षं कागद काळे केले त्या माणसाला ती वस्तू उघडता-मिटता येत नव्हती.

शेवटी पोलिसानं ती त्याच्या हातातून काढून घेतली, ओरडला नाही. पिस्तूल आणि परवाना जप्त, दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर व्हायचं. मग त्यानं माझा इकामा खिडकीतून आत दिला आणि हळू आवाजात म्हणाला, “तू हमाल आहेस. हमाल हात लावत नाही. कळलं?”

“कळलं,” मी म्हणालो.

“यल्ला.”

आम्ही निघालो.  चाचानं एकदा आरशातून माझ्याकडे बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली. मला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता. पहारेकरी पुढच्या सीटवर मान खाली घालून बसला होता. मग मागे न वळता त्यानं विचारलं, “ती गोळी कुठून आली? मॅगझीनमधून?”

“चेंबरमधून. चढवलेली होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे बोट लागलं असतं तर सुटली असती.”

 तो म्हणाला की पिस्तूल घेतलं तेव्हा भावानं भरून दिलं होतं, वापरायला तयार आहे म्हणाला होता. त्यानंतर यानं ते कधी उघडलंच नाही. रोज सकाळी लावायचं, संध्याकाळी काढून कपाटावर ठेवायचं. “कधी कधी काढायला विसरतो,” तो म्हणाला. “धाकटी मुलगी मांडीवर येऊन बसते. या बाजूला.” त्यानं उजव्या कुशीवर हात ठेवला.

 तो आता मागे वळला. रागावलेला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. “तू अस्करी होतास. रोज माझ्या पट्ट्यावरून मुदीरशी भांडत होतास. बाहेर लाव, आत लाव. मला वाटायचं, याला सगळं माहीत आहे, काही चुकत असतं तर हा बोलला असता. एकदा विचारायचंस की, भरलेलं आहे का?”

“मला हात लावायची बंदी होती,” मी म्हणालो.

“विचारायला हात कुठं लागतो?”

मी शिकवलेला कोवळ्यातला कोवळा रंगरूटही हत्यार बघितल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा. नाही विचारला तर मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो. आणि मी स्वतः दोन वर्षं विचारला नाही. विसरलो म्हणावं तर तसंही नाही. याच्या हातात हत्यार शोभत नाही हे मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं, पट्टा बांधायच्या पद्धतीवरूनच कळलं होतं. पण ते त्याच्या कमरेला होतं, माझ्या नव्हतं, आणि मला त्याचा राग होता. त्याला येत नाही यात मला आतून बरं वाटायचं. कधीतरी याची फजिती होईल आणि मुदीरला कळेल, असंही मी मनात म्हणून घेतलं होतं. ती फजिती कुणाच्या मुलीच्या अंगावर येईल, एवढा विचार मी केला नाही.

हे त्याला अरबीत सांगण्याइतकी माझी अरबी नव्हती. मराठी येणारा चाचा शेजारीच होता, त्यालाही मी सांगितलं नाही. “चुकलं माझं,” एवढंच मी म्हणालो. आणि तो, ज्यानं अर्ध्या तासापूर्वी माझ्यासाठी पोलिसापुढे खोटं बोलून स्वतःचा परवाना घालवला होता, तो म्हणाला, “खलास, सदीक,” झालं गेलं, आणि खिशातून फोन काढून घरी लावला. पलीकडून कुणीतरी उचलल्यावर त्यानं पहिल्यांदा मुलगी कुठे आहे ते विचारलं.